आडवी फांदी

हैदराबाद
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

ठरल्याप्रमाणे पत्र. फोनवर पाचव्या मिनिटाला आपलं भांडण होतं आणि सहाव्या मिनिटाला कुणीतरी फोन आपटतं, हे दिवाळीत आपण दोघींनीही मान्य केलं. कागदावर निदान आपटायला काही नाही. तुझी डावी टाच कशी आहे? थंडी पडली की ते जुनं दुखणं डोकं वर काढतं, म्हणून आधी तेच विचारते.

मी दमले आहे. झोपून जाणारा थकवा नाही हा. चार वर्षं आम्ही जो खेळ बनवतो आहोत, तो तुझ्या लॅपटॉपवर घालून दिलाच आहे. एक मुलगी मडक्यात विस्तव घेऊन नदीपलीकडच्या वस्तीवर निघते. विस्तव विझायच्या आत पोचायचं. मध्ये ओढे, कडे आणि एक अस्वल. त्यातलं पहिलं जंगल सगळं माझं. कुठे वाट फुटेल, कुठे बंद होईल, हे ठरवणं हीच माझी नोकरी. त्या जंगलात मी एकही खूण ठेवलेली नाही. बाण नाही, नकाशा नाही, ‘इकडून जा’ म्हणणारं कुणी नाही. खेळणाऱ्यानं हिंडावं, चुकावं आणि आपली आपण वाट काढावी, अशी माझी इच्छा.

लोक मात्र वाट काढत नाहीत. गेल्या आठवड्यात बाहेरच्या चौदा जणांना खेळायला बसवलं. तिघं पार झाले. बाकीचे तिथल्या तिथे घुटमळले, अस्वलाच्या तावडीत सापडले आणि उठून चहा प्यायला गेले. ईशान आमचा प्रमुख. तो म्हणतो, दगडांना पिवळा रंग फास, वर मोठा बाण लाव, आणि मुलीच्या खांद्यावर एक पोपट बसवून त्याला ‘डावीकडे, डावीकडे’ बोलायला लाव. मी म्हटलं, माझ्या जंगलात पोपट बोलणार नाही. तर म्हणाला, ठीक आहे, वीस डिसेंबरला शेवटची चाचणी. चौदातले निम्मे तरी पार झाले नाहीत तर खेळ बंद, वरच्यांनी तसं कळवलं आहे. चार वर्षं आई. बंद म्हणजे कपाटात.

मी का हटून बसले आहे हे तुला वेगळं सांगायला नको. मी नऊ वर्षांची होते, तू बेज्जूरकडच्या शाळेवर होतीस. तुझ्याशी भांडून मी बाबांकडे आदिलाबादला जायला एकटी निघाले. ओढ्यापाशी मागून काहीतरी ओरडलं. जनावर समजून मी पळत सुटले आणि तिथेच वाट चुकले. चार तास हिंडून माझी मी घरी आले. कुणी बाण दाखवला नव्हता. तू तर शोधायलाही आली नव्हतीस. मी दारात आले तेव्हा चुलीपुढे बसून म्हणालीस, ‘हातपाय धू.’ ही तक्रार नाही. (आहे, थोडीशी.) पण माणसाला त्याच्यावर सोडलं की त्याला वाट सापडते, हे मला त्या दिवशी कळलं. मी जी काय आहे ती त्या चार तासांमुळे आहे.

तू खेळ. जंगल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कसं वाटलं ते खरं खरं कळव.

तुझी, अजून न भांडलेली,
यामिनी

---

उटनूर
१० नोव्हेंबर २०२५

यामिनी,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात नव्यानं लिहीत नाही. टाच जिथल्या तिथे आहे.

खेळ खेळले. चित्रं फार सुंदर. सागाची पानं वाळून कशी चुरगळतात ते अगदी खरं काढलं आहे. मडक्यातला विस्तव तर हात शेकावेसे वाटण्याइतका. छान आहे. पुढचं सावकाश खेळेन.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सकाळी साडेआठला पाय आपोआप दाराकडे जातात. मग परत येऊन बसते. एकटीचं काम ते किती, तरी संध्याकाळी अंग गळून जातं. कशानं ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वय. मी म्हटलं, एवढं मलाही माहीत होतं.

ईशानच्या वाकड्यात कशाला शिरतेस? बसव की एक पोपट. पोपटानं तुझं काय घोडं मारलं आहे? जेवत जा वेळेवर.

आई

---

हैदराबाद
१७ नोव्हेंबर २०२५

आई,

चौतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईनं असं करावं?

कोण किती वेळ खेळलं, कुठे अडकलं, कुठे मेलं, याची नोंद आपोआप आमच्या ऑफिसात येते. काल यादी बघत होते. त्यात तुझं नाव. चारुशीला, अकरा तास चाळीस मिनिटं. अस्वलानं मारलं सव्वीस वेळा. पहिला फाटा ओलांडलेला नाही. एकदाही नाही!

आधी मला राग आला, मग हसू आलं, मग ते अकरा तास पुन्हा मोजले. डोळे दुखतात म्हणतेस आणि अकरा तास? कुणासाठी?

पण मला हे समजत नाही. तू पहिल्या फाट्यावर येतेस आणि तिथेच उभी राहतेस. प्रत्येक वेळी. बरोबरची वाट तुझ्या अगदी समोर आहे. तिच्यात खड्डा नाही, अस्वल नाही. एक पाऊल टाकलंस की झालं. तुझ्या शाळेतली पोरं विचारायची तसं विचारते, काऊन जाऊन नाही राह्यली तू? मुद्दाम करते आहेस का? माझं जंगल तुला आवडलं नाही असं स्पष्ट लिही, मला चालेल. इथे रोज कुणी ना कुणी तेच सांगतं.

यामिनी

---

उटनूर
२३ नोव्हेंबर २०२५

यामिनी,

पकडलंस. ‘छान आहे’ लिहिलं कारण तू दमलेली होतीस, आणि दमलेल्या माणसाला मी नापास करत नाही.

तू विचारतेस का जात नाही. त्या वाटेवर फांदी आडवी टाकली आहे ना. ओली, पानांसकट. मी कशी जाणार?

तुला हे माहीत नसेल, तू शाळेच्या क्वार्टरमध्ये वाढलीस. तिकडे जंगलातून चार माणसं पुढे गेली आणि मागून आणखी कुणी यायचं असलं, तर जी वाट घ्यायची नाही तिच्यावर ताजी फांदी आडवी टाकून जातात. मागचा बघतो आणि दुसरीकडून जातो. सोळा वर्षं मी त्या भागात काढली. हे नुसतं चित्र आहे असं डोकं सांगतं, पण बोट काही पुढचं बटण दाबत नाही. बरं, दुसऱ्या वाटा बघाव्या तर त्यांच्यावरही फांद्या. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी ‘जाऊ नका’ म्हणून ठेवलं आहे, आणि तू म्हणतेस हिंडा! मग मी तिथेच उभी राहायची. उभं राहिलं की अस्वल यायचं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते त्याचं काम करतं.

अकरा तास काय करत होते विचारतेस ना? पुढे गेलेलं कुणीतरी परत येऊन एखादी फांदी उचलेल, म्हणून वाट बघत होते.

या फांद्या कुणी टाकल्या? तू? कशासाठी टाकल्यास ते मला नीट कळव.

आई

---

हैदराबाद
३० नोव्हेंबर २०२५

आई,

मीच टाकल्या. कशासाठी असं काही नाही. मला बेज्जूरचं जंगल तसंच आठवतं. आमच्या चित्रकारानं पहिल्यांदा जंगल काढून आणलं तेव्हा ते मला खोटं वाटलं. काय कमी आहे ते सांगता येईना. मग आठवलं, वाटांवर फांद्या नाहीत. त्या दिवशी जागोजागी पडल्या होत्या, पळसाच्या, हिरव्यागार. वारा सुटला असणार. म्हणून त्याला सांगून प्रत्येक वाटेवर टाकून घेतल्या. तेव्हा कुठे मला ते जंगल ओळखीचं वाटलं.

तुझी रीत चांगली आहे, पण शहरातल्या मुलांना ती कुठून माहीत असणार? त्यांना फांदी म्हणजे फांदी. तू अडलीस ते समजलं, पण ते का अडतात ते अजून समजत नाही. परवा पुन्हा चौदा जण बसवले. चौघं पार झाले. एक जण उठताना म्हणाला, ‘हा खेळ मला हाकलतो आहे असं वाटतं.’ माझं जंगल त्याला हाकलतं! मी चार वर्षं त्याला बोलावते आहे.

ईशाननं पोपटाचा आवाजही रेकॉर्ड करून ठेवला आहे. मला ऐकवला. वाईट नाही. मी आता हो म्हणायच्या बेतात आहे. भांडायला अंगात बळ लागतं, ते उरलं नाही. हो म्हटलं की मग ती माझी गोष्ट राहणार नाही, एवढंच. पोपटामागून चालत गेलेल्या पोरीची गोष्ट होईल ती.

यामिनी

---

हैदराबाद
८ डिसेंबर २०२५

आई,

पत्र नाही. फोन केला तर उचलत नाहीस, नुसतं ‘बरी आहे’ असा मेसेज. मी काही लागेल असं लिहिलं का? चौदा तारखेच्या आत मला पोपटाचं काय ते सांगायचं आहे. दोन ओळी तरी लिही.

यामिनी

---

उटनूर
११ डिसेंबर २०२५

यामे,

त्या दिवशी वारा नव्हता.

एवढं एक वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता बाकीचं लिहून टाकते, मध्ये थांबले तर पुन्हा होणार नाही.

तू क्वार्टरच्या फाटकातून निघालीस तेव्हाच मी तुला बघितलं. राग आला होता. जाऊ दे, चार पावलं जाईल आणि परत येईल, म्हणून दहा मिनिटं बसून राहिले. ती दहा मिनिटं माझी चूक. तुझ्या बाबांनासुद्धा मी ती कधी सांगितली नाही. मग उठले आणि शाळेत स्वयंपाक करायची त्या बयनाबाईला सोबत घेतलं. ओढ्यापाशी तू दिसलीस. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. तू मागे न बघता वाट सोडून पळालीस, प्राणहितेच्या बाजूला. तुझ्या पत्रात जनावर ओरडलं म्हणून लिहिलं आहेस. ते जनावर मी.

मी पुन्हा ओरडणार होते. बयनाबाईनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ‘हाका नोका मारू बाई. पोरगी बिचकली हाय, अजून आत पळन. तिकडं नदी हाय. आपुन फांद्या टाकू, मंग येते थे आपोआप.’

तसंच केलं. ती त्या जंगलातली, तिला आडवाटा ठाऊक. तुला लांबून वळसा घालून आम्ही पुढे जायचो आणि जिथे वाट फुटेल तिथे नदीकडच्या फाट्यावर पळसाची फांदी मोडून टाकायचो. तू यायचीस, बघायचीस आणि मोकळ्या वाटेला लागायचीस. असं चार तास. माझे हात सोलून निघाले. टाचेत काटा मोडला तो तेव्हाच, आणि त्याचा तुकडा आत राहिला तो आजतागायत.

एका ठिकाणी तू फांदीपाशी खाली बसलीस आणि रडलीस. मी दहा हातांवर झुडपात होते. बयनाबाईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. तू बराच वेळ रडलीस. मग उठलीस, बाहीला नाक पुसलंस आणि चालायला लागलीस. तेव्हा मला वाटलं, ही पोचते.

घराच्या वळणावर आलीस तशी मी मागच्या दारानं आत शिरले आणि चुलीपुढे बसले. सोललेले हात दिसू नयेत म्हणून ते परातीतल्या पिठात घालून बसले होते. ‘हातपाय धू’ याहून जास्त बोलले असते तर रडू फुटलं असतं. आणि तू म्हणालीस, ‘मी एकटी आले. मला वाट सापडली.’ तुझं तोंड कसं झालं होतं ते तुला दिसलं नाही, मला दिसलं. मग मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की बाई, ती वाट मी ठेवली होती? पुढे दर भांडणात तू म्हणत राहिलीस, तू शोधायलाही आली नाहीस. लागायचं मला. पण ती गोष्ट तुझ्या इतक्या कामी येत होती, की राहू दिली.

आता सांगते, कारण तू सगळ्याच वाटांवर फांद्या टाकून बसली आहेस. तो मुलगा बरोबर बोलला. रीत माहीत नसली तरी फांदी माणसाला अडवतेच. तुला तरी कुठे माहीत होती? मी तेव्हा हेच बयनाबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘माईत नसलं तरी पाय मोकळ्या वाटंकडंच जातेत, बाई.’

तुझी गोष्ट काढून घेतली म्हणून रागावशील. रागाव. पण एक लक्षात ठेव. आम्ही फक्त नदी बंद केली. चालून तूच आलीस.

आई

---

हैदराबाद
२२ डिसेंबर २०२५

आई,

रागावले. दोन दिवस जंगल उघडलंच नाही. ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली आहे, दोनदा व्यासपीठावरून सांगितली आहे, ईशानला तर ती पाठ आहे. बावीस वर्षं मी तुला ‘आली नाहीस’ म्हणत होते आणि तू टाच धरून ऐकत होतीस. मला फार लाज वाटली. आधी राग आणि मग लाज, असा क्रम होता.

तिसऱ्या दिवशी जंगल उघडलं आणि बरोबरच्या वाटांवरची एकेक फांदी उचलली. चुकीच्या वाटांवरच्या राहू दिल्या. दीड दिवसाचं काम. दुसरं काहीही बदललं नाही. अस्वल तसंच, कडे तसेच, विस्तव तितक्याच वेळात विझणारा. ईशाननं विचारलं काय केलंस, तर म्हटलं, पसारा आवरला. आणि पोपटाला ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं.

परवा चौदा जण बसले. अकरा पार झाले.

ईशान खुर्चीवरून उठला आणि परत बसला. खेळ चालू राहणार, पोपट कपाटात गेला. मला फार आनंद होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी तिथेच भिंतीला डोकं टेकून झोपले. त्यांनी वर चादर घातली म्हणे.

पण हे तुला सांगायचं आहे. चौदांत एक दीपमाला नावाची मुलगी होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. ती दोनदा मेली, एकदा चुकून परत सुरुवातीला आली. मी काचेच्या पलीकडून बघत होते. एका फाट्यावर ती इतका वेळ थांबली, की माझा हात आपोआप काचेवर गेला. मग ती मोकळ्या वाटेनं वळली. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं. अभिप्रायाच्या कागदावर तिनं लिहिलं आहे, ‘मला कुणीही मदत केली नाही. माझी मी वाट शोधली.’

मी शेजारीच उभी होते. ओठांवर आलं होतं, तरी नाही सांगितलं. तू इतकी वर्षं कशी गप्प राहिलीस, हे मला तेव्हा समजलं. चूक तुझी दहाच मिनिटांची होती गं. माझी बावीस वर्षांची.

संक्रांतीला येते. तेराला सकाळी निघते, गुडीहत्नूरला उतरून उटनूरची बस धरीन. पोचायला अंधार पडेल. टाच डॉक्टरला दाखवायची आहे, नाही म्हणायचं नाही.

तुझी
यामी

---

उटनूर
२९ डिसेंबर २०२५

यामे,

नवीन खेळ मिळाला. नोंद बघशीलच, म्हणून आधीच सांगते, चार वेळा मेले. पाचव्यांदा नदीपर्यंत पोचले, मडक्यात विस्तव धुगधुगत होता. अस्वल लांबूनच दिसलं, ओळख दाखवली नाही. मला कुणीही मदत केली नाही, बरं का.

त्या दीपमालाला सांगू नकोस. पुढे कधी तिच्यावर दुसऱ्या कुणाला वाट दाखवायची वेळ आली तर तेव्हा सांग.

बयनाबाई बेज्जूरला मुलाकडे असते. फोन करून तिला सगळं सांगितलं. खेळ म्हणजे काय हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, ‘आपुन टाकलेल्या फांद्या पोरीनं येवढी वर्सं जपून ठेवल्या काय वं बाई?’ आणि किती तरी वेळ हसत होती. मी नाही हसले. मला जमलं नाही.

ये. तिळगूळ करून ठेवते. स्टँडवर न्यायला मात्र मी येणार नाही. टाच दुखते, आणि तू एकतीस वर्षांची घोडी आहेस. तुझी तू ये. फक्त पोस्टाच्या बाजूची गल्ली नळासाठी खणून ठेवली आहे, अंधारात खड्डा दिसत नाही. तिच्या तोंडाशी मी फांदी टाकून ठेवीन.

आई